जुन्या सदऱ्याचा भाव कोणी ठरवायचा?

बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत राबणाऱ्या वारली कुटुंबांसाठी जुने कपडे, भांडी गोळा करून विक्री भरवावी, असे कार्यकर्त्यांच्या मनात येते तेव्हा पहिला वाद भावाचा होतो. मूळ किमतीचा तिसरा हिस्सा घ्या, असे हिशेबी गृहस्थ सांगतात. फुकट वाटून टाका, असे दयाळू म्हणतात. दोघांचीही नजर देणाऱ्याच्या कपाटावरच! वास्तविक त्या सदऱ्याला त्याच्या घरी काहीच मोल उरलेले नसते. एरवी तो बोहारणीच्याच गाठोड्यात जायचा. (तिची घासाघीस निदान उघड असते.) भाव बसावयास हवा तो घेणाऱ्याच्या रोजावर. तासाभराच्या मजुरीहून महाग सदरा विक्रीस ठेवूच नये, आणि चिठ्ठीवर आकडा घालण्यापूर्वी वारली स्त्रियांना विचारावे. 1945 साली झरीच्या परिषदेत वेठ नाकारणाऱ्या आणि त्याच वर्षी गवतकापणीचा दर स्वतः ठरवून मागणाऱ्या समाजाला भाव कळत नाही, असे समजणे हा निव्वळ उद्दामपणा होय. फाटका, बटणे तुटलेला माल मात्र दानाच्या नावाखाली मुळीच स्वीकारू नये. आणि जमलेल्या पैशाचा हिशेब त्याच दिवशी, तेथेच, फळ्यावर मांडावा.