कुत्रा लंगडतोय? दिवस ढकलू नका
घरचा कुत्रा लंगडू लागला की ‘होईल आपोआप बरा’ म्हणून दिवस ढकलले जातात. आधी पंजा नीट पाहावा. बोटांमध्ये काटा, गोचीड किंवा वाढलेले नख सापडते. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. गुडघ्याचा स्नायुबंध तुटणे, खुब्याचा सांधा सैल असणे, गोचीडताप ही कारणे वरून दिसत नाहीत.

खर्चाची धास्ती वाटत असेल, तर कोणती तपासणी आधी आवश्यक, हे मोकळेपणाने विचारावे. नवा रायपूरच्या कुटुंबांना दुर्गजवळच्या अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल.

माणसांची वेदनाशामक गोळी मात्र मुळीच देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो, आणि मुका जीव हकनाक सोसतो.