'काही नाही होत बे!'

पावसाळ्यात आपल्या भागात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. रपट्यावरून पाणी वाहत असतं. अलीकडे दहा-बारा गाड्या थांबलेल्या असतात. अशात कुणीतरी स्टार्टर मारतो आणि मागे बसलेला म्हणतो, "काही नाही होत बे, काढ!" बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. ज्या वेळी होतं, त्या वेळी दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात : नाव, वय, गाव, शोधकार्य सुरू.

मित्रमैत्रिणींनो, आपण इंजिनिअरिंगला आहोत ना? मग एकदा गणितच करून बघू. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण हेच करतो, फक्त तिथे नाल्याऐवजी 'चॅनेल' लिहितो. रपट्यावर फूटभर पाणी आहे आणि ते सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहतंय असं धरा. आडव्या उभ्या मोटरसायकलची चाकं आणि इंजिन मिळून पाव चौरस मीटर भाग जरी पाण्यात असला, तरी तिच्यावर साधारण ५० किलो वजनाएवढा जोर बाजूने येतो. खाली शेवाळ. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. कारचं तर आणखी गमतीचं आहे (म्हणजे अजिबात गमतीचं नाही). छोट्या कारचा तळ साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढलेलं प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला जवळजवळ सव्वापाचशे किलोने वर उचलतं. कारचं वजन नऊशे किलो. ग्राउंड क्लिअरन्स मिळवला तरी गुडघ्याच्या खालीच आर्किमिडीज जिंकतो! जो मुलगा व्हायव्हाला उत्प्लावक बलाची व्याख्या घडाघडा म्हणतो, तोच रविवारी रपट्यावर "काढ बे" म्हणतो. याला काय म्हणायचं?

पण सगळा दोष रपट्यावरच्या पोरांचा आहे, असं मला वाटत नाही. पाणी येणार हे आधी कळवायची व्यवस्था आपल्याकडे आहे आणि ती काही आजची नाही. १९५८ साली दिल्लीला यमुनेवरच्या जुन्या रेल्वे पुलापाशी पुराचा अंदाज द्यायला सुरुवात झाली. आज केंद्रीय जल आयोग देशभरातल्या मोठ्या नद्यांसाठी हे काम करतो. वैनगंगेवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर त्यांची मोजणी केंद्रं आहेत. आपल्या सीमेवर बाघ नदीवरचं राजेगाव हे त्यातलंच एक. १७ ऑगस्ट २०२३ ला आयोगाने 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं अॅपही काढलं. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे तर आता सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. म्हणजे यंत्र आहे, माणसं आहेत, आकडे आहेत. मग अडतं कुठे?

अडतं ते शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. नदीवरचा आकडा ऑफिसात पोहोचतो, ऑफिसातून मेसेज निघतो, पण ज्याच्या अंगणात पाणी येणार आहे त्याला त्या मेसेजचा अर्थ लागत नाही.

नेहमीचा मेसेज बघा. "धरणातून विसर्ग वाढविण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. विसर्ग म्हटलं की मला आधी 'दुःख' या शब्दातली दोन टिंबं आठवतात. ते सोडा, पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तरी 'सतर्क राहावे' म्हणजे नेमकं काय करावं हे कळतं का? म्हशी सोडायच्या की नाही? धानाची पोती माळ्यावर टाकायची की ट्रॅक्टर बोलवायचा? म्हाताऱ्या आजीला आत्ताच शाळेत नेऊन बसवायचं की सकाळी? सतर्क राहून माणूस खाटेवर बसून राहतो, एवढंच.

मग आकडे. पुण्या-कोल्हापूरकडच्या बातमीत क्युसेक असतं, आपल्याकडे गोसीखुर्दच्या बातमीत क्युमेक. एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेकपेक्षा थोडं जास्त. हा फरक आपल्यातल्या किती सिव्हिलवाल्यांना झोपेतून उठवून विचारला तर सांगता येईल? पाच हजार क्युमेक ऐकून वाटतं की सांगलीला तर लाखात पाणी सोडतात, आपलं थोडंसंच आहे! खरं म्हणजे एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर. पाच हजार क्युमेक म्हणजे दहा हजार लिटरचे पाचशे टँकर, दर सेकंदाला. असं सांगितलं तर कुणालाही कळेल.

आणखी एक. भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, नदीची खोली नाही. आयोग इशारा पातळी, धोका पातळी आणि आजवरची सर्वोच्च पूरपातळी अशा तीन रेषा मानतो. उत्तम व्यवस्था आहे. पण २४५.५० ला पाणी आलं म्हणजे माझ्या गावातल्या मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीशी आलं, हे जोपर्यंत कुणी सांगत नाही, तोपर्यंत तो आकडा गावासाठी लॉटरीच्या नंबरसारखाच!

२०२० चा पूर इथल्या कुणाला सांगायला नको. कोरोनाचे दिवस होते. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत आलं, तिकडून पेंच-कन्हानचंही आलं. गोंदिया, भंडाऱ्याची नदीकाठची गावं पाण्यात गेली. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि पुढे चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांवर तीच वेळ आली. वेळेवर नीट कळवलं नाही, दोन राज्यांत समन्वय नव्हता, असे आरोप तेव्हा भरपूर झाले. त्यात कोण बरोबर, ते ठरवणारी मी कोण? मला एवढंच दिसतं की नदी काही विमानाने येत नाही. सेकंदाला दीड ते दोन मीटर वेग धरला तर ती तासाला साडेपाच ते सात किलोमीटर जाते. शंभर किलोमीटरवर सोडलेलं पाणी यायला चौदा ते अठरा तास लागतात. अठरा तासांत आपण अख्खा सेमिस्टर वाचून काढतो! एवढ्या वेळात एक गाव उंचावर हलवता येणार नाही?

येईल, पण त्यासाठी निरोप गावापर्यंत पोहोचला पाहिजे. तहसीलदार, तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील ही जुनी साखळी आपण फार हसण्यावारी नेतो. पण रात्री दोन वाजता, लाईट गेलेली, टॉवर बंद, अशा वेळी दवंडीच पोहोचते, अॅप नाही. फ्लडवॉच सुरू झालं तेव्हा ते इंग्रजी आणि हिंदीत होतं. गोंदियात हिंदी सगळ्यांना येतं, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. हिंदी कळतं हो. पण घाबरलेल्या माणसाला घरच्या बोलीतलं कळतं तसं दुसरं काही कळत नाही. मराठीत सांगा, पोवारीत सांगा, गोंडीत सांगा.

रात्रीचं महत्त्व विदर्भाने पूर्वीही मोजलंय. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ माणसं नेली. आणि ही फक्त खेड्यांची गोष्ट नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात मध्यरात्रीनंतर काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि चांगल्या वस्त्यांत लोकांना झोपेतून उठून गच्चीवर पळावं लागलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. रेड अलर्ट येतो, कलेक्टरसाहेब सुट्टी देतात आणि दिवसभर ऊन पडतं. हॉस्टेलला सुट्टी आवडते, तो भाग वेगळा. पण असं चार वेळा झालं की पाचव्यांदा लोक ऐकत नाहीत. लांडगा आला रे आला! मला वाटतं, यावर उपाय इशारे कमी करणं हा नाही. अलर्ट जिल्ह्यासाठी असतो आणि आपला जिल्हा काही छोटा नाही. आमगावला ढग फुटल्यासारखा पडेल आणि अर्जुनी मोरगावला कोरडं राहील. अंदाज म्हणजे शक्यता, हे शाळेत कुणी शिकवतच नाही. संभाव्यतेची गणितं आपण पत्त्यांवर आणि लाल-निळ्या गोट्यांवर सोडवतो. पावसावर कधी सोडवणार?

आता आपल्या फुलचूरकडे या. मोठ्या नदीचा अंदाज येतो, पण गोंदियाजवळून वाहणारी पांगोली वैनगंगेसारखी दोन दिवस आधी निरोप पाठवून येत नाही. वर दोन-तीन तास झोडपलं की संपलं. त्यात हा तलावांचा जिल्हा. शेकडो मामा तलाव, बोड्या, जुने मातीचे बांध. भरलेल्या तलावाचा बांध कुठे पाझरतोय, ते दिल्लीचं मॉडेल सांगणार नाही. ते रोज तिथून धानाच्या बांधीकडे जाणाऱ्या माणसालाच आधी दिसतं. त्याने कुणाला फोन करायचा? जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. आपल्या मेसमध्ये, नोटीस बोर्डवर, गेटवर कुठेच तो लिहिलेला नाही. पिझ्झावाल्याचा मात्र भिंतीवर खरडलेला आहे!

एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण दरवर्षी रॅली काढतो, घोषणा देतो, पोहे खातो. माझं म्हणणं, एक वर्ष घोषणा राहू द्या. सर्व्हेइंग लॅबमधली लेव्हल प्रॅक्टिकल संपलं की कपाटात पडून असते. ती घेऊन निघू. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. अचूक कामाला बेंचमार्क लागेल, तो सर शोधून देतील. तिथून उंची आणायची आणि २०२० चं पाणी कुठवर आलं होतं, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर ठळक रेघ मारायची. खाली मीटरमध्ये आकडा. रपट्याच्या दोन्ही टोकांना खांब उभे करून फूट-फूट रंगवायचे आणि एका फुटापासून वर लाल. रंगाचा एक डबा आणि चार ब्रश, एवढाच खर्च. ग्रामपंचायतीची परवानगी लागेल, ती मिळेल.

पहिलं काम पांगोलीच्या पुलाचं घेऊ. सबमिशन संपल्यावरचे दोन रविवार पुरतील. लेव्हल धरणारा एक, स्टाफ धरणारा एक, वही घेऊन एक आणि म्हाताऱ्यांशी नीट बोलता येणारं कुणीतरी एक हवं. ब्रँच कोणतीही चालेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डखालच्या कागदावर नाव लिहावं.