फळा बदलला, तास तोच

गेल्या श्रावणात गावी गेलो असता माझ्या जुन्या शाळेत सहज डोकावलो. सातवीच्या भिंतीवर नवा कोरा स्मार्ट बोर्ड झळकत होता. पडद्यावरची मुलगी गोड आवाजात विचारी, 'व्हॉट इज युवर नेम?' आणि चाळीस पोरे एका सुरात ओरडत, 'व्हॉट इज युवर नेम!' आपले नाव मात्र कोणीच सांगत नव्हते.

सर नुकतेच तालुक्याहून प्रशिक्षण घेऊन आले होते. 'काय शिकवले, सर?' मी विचारले. 'अरे, बोर्ड चालू-बंद कसा करायचा, ॲप कसे उतरवायचे, फोटो कुठे चढवायचे.' 'आणि इंग्रजीत किती बोललात?' सर हसले. 'हजेरीपटावर सही केली, तेवढीच इंग्रजी!'

त्या हसण्याने मी अस्वस्थ झालो, कारण उद्या त्या जागी आपणच असणार आहोत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आम्ही मराठी शाळेतून आलेली मुले सहाव्या वर्षापासून हे वाघिणीचे दूध पीत आलो. फक्त बाटलीचे झाकण कोणी उघडले नाही. स्पेशल इंग्रजी घेतलेला मी आजही तोंडी परीक्षेला घामाघूम होतो. आपली गोष्ट निराळी असेल, तर मित्रहो, क्षमा करा.

यंत्राला माझा विरोध नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण कोड म्हणजे दार. दारातून आत गेल्यावर बोलायचे कोणी?

एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूरला जो प्रयोग केला, त्यात खडू, फळा आणि कागद याखेरीज काही नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा घ्यायचा आणि एक कोडे घालायचे: अमक्या गावी अमक्या वेळेला पोचायचे तर कोणती गाडी धरावी? एक कोडे शिक्षक सर्व वर्गाबरोबर मोठ्याने सोडवीत, तसेच दुसरे मुले आपापली सोडवीत. लक्ष गाडीवर, आणि इंग्रजी मागच्या दाराने आत येई. मुलांना गटात बसवणे प्रभूंना पसंत नव्हते. मुले एकमेकांच्या चुका पक्क्या करतात, असे त्यांचे म्हणणे. एवढे मात्र मला पटत नाही. चूक करायलासुद्धा आधी तोंड उघडावे लागते.

म्हणून धाकट्या बहिणीवरच प्रयोग केला. मी मळ्यात एस.टी.चे वेळापत्रक घेऊन, ती ओसरीवर, मध्ये मोबाईल. बार्शीची गाडी तिने इंग्रजीतून विचारून काढायची. 'व्हेअर बस गो बार्शी?' तिने ठणकावून विचारले. व्याकरण कोलमडले, पण गाडी सापडली! संध्याकाळी तिला ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, 'दादा, इथे वेन पाहिजे ना?' हे कोणत्याही बोर्डाने तिला सांगितले नव्हते.

माझे प्रांजळ मत असे, की शिक्षकांच्या प्रशिक्षणात पहिले दोन दिवस यंत्राला हात लावू देऊ नये. शिक्षकांनी विद्यार्थी होऊन बाकावर बसावे, इंग्रजीत गाडी शोधावी, अडखळावे, हसावे. मग मोबाईल काढावा आणि त्यावर आपलाच तास मुद्रित करून ऐकावा: स्वतः किती मिनिटे बोललो, मुले किती? ज्याने हा हिशेब एकदा केला, त्याला बोर्डाचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

आपल्यातले कित्येक जण पदवीनंतर बी.एड.ला जातील. तोवर थांबायचे कशाला? शुक्रवारी दुपारी इंग्रजी विभागाची खोली रिकामी असते. प्राध्यापकांनी ती आम्हाला तासभर द्यावी. वेळापत्रक मी आणतो.