पाळण्याची दोरी कुणाच्या हाती?

बालपणी आवडलेल्या पुस्तकांकडे मोठेपणी परतणारा वाचक बहुधा हळवा होतो, आणि हळव्या वाचकाच्या खिशात हात घालणे बाजाराला सोपे जाते. अमेरिकेत ‘द बेबी-सिटर्स क्लब’ या मुलींसाठी लिहिलेल्या कथामालिकेचे नेमके हेच झाले आहे. १९८६ ते २००० या काळात निघालेल्या या मालिकेच्या १७ कोटींहून अधिक प्रती खपल्या. २००६ पासून तिच्या चित्रकादंबऱ्या निघू लागल्या. २०२० साली नेटफ्लिक्सने तिच्यावर दृक्‌मालिका काढली आणि २०२२ साली ती गुंडाळली. अशा प्रत्येक पुनरागमनाबरोबर एक कौतुक ऐकू येते : या पुस्तकांनी मुलींना उद्योजकता शिकविली, बारा वर्षांच्या पोरींनी स्वतःचा धंदा कसा उभारावा याचा धडा घालून दिला! लहानपणी ही पुस्तके आवडीने वाचलेल्या आणि आता ती पुन्हा उघडून पाहिलेल्या वाचकाने या कौतुकाचा प्रतिवाद करणे अगत्याचे आहे. कारण या पुस्तकांत जे लिहिले आहे, त्याच्या बरोबर उलट अर्थ हे कौतुक काढते.

मालिकेचा आरंभच पाहा. कनेक्टिकट राज्यातील स्टोनीब्रुक या कल्पित गावात क्रिस्टी थॉमस ही सातवीतली मुलगी राहते. वडील घर सोडून गेलेले, आई नोकरी करणारी, भावंडे तीन. धाकट्या भावाला सांभाळायला एके दिवशी कुणी मिळत नाही, म्हणून आई एकामागून एक फोन फिरवीत बसते. हे पाहून क्रिस्टीला युक्ती सुचते : एकाच क्रमांकावर फोन केला असता चार मुली एकदम भेटतील अशी व्यवस्था का करू नये? मैत्रीण क्लॉडिया किशी हिच्या खोलीत स्वतंत्र फोन आहे. तेथे आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी साडेपाच ते सहा, बैठक भरू लागते. क्लब जन्माला येतो.

उद्योजकतेचे भाट येथे टाळ्या वाजवितात. पण एक साधा प्रश्न ते विचारीत नाहीत. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रात, नोकरी करणाऱ्या आईला मूल ठेवायला जागा का नव्हती? तिच्या अडचणीवर बारा वर्षांच्या मुलीने तोड काढावी, अशी वेळ कुणी आणली?

याचे उत्तर कथेत नाही, इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे होते, तेव्हा अमेरिकन सरकारने लॅनहॅम कायद्याच्या निधीतून पाळणाघरे उघडली. युद्ध संपले, पुरुष परतले, आणि १९४६ साली तो निधी आटला. पुढे १९७१ साली अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी सर्वंकष बालविकास विधेयक संमत केले. सरकारी खर्चाने देशभर बालसंगोपन केंद्रे उभारावीत आणि पालकांच्या ऐपतीप्रमाणे शुल्क घ्यावे, अशी त्यात तरतूद होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सामुदायिक संगोपनाने कुटुंबसंस्था दुबळी होते, हा त्यांचा आक्षेप. सिनेटला तो नकार उलटविता आला नाही. तीनच वर्षांनी, १९७४ साली, घरकामगारांना किमान वेतनाचे संरक्षण मिळाले, परंतु प्रासंगिकरीत्या मुले सांभाळणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. म्हणजे एकीकडे राज्यसंस्थेने जबाबदारी नाकारली आणि दुसरीकडे, ती जबाबदारी ज्यांच्या अंगावर पडणार त्यांच्या श्रमाला पुरते श्रम म्हणावयाचेही नाकारले. स्टोनीब्रुकच्या चार मुली या दोन नकारांच्या मधल्या फटीत उभ्या आहेत. त्यांना मिळतो तो खाऊचा पैसा. वेतन हा शब्द तेथे कुणी उच्चारीत नाही.

क्रिस्टीच्या आईची अडचण अखेर सुटते ती कशी? ती एका लक्षाधीशाशी विवाह करते आणि कुटुंब त्याच्या हवेलीत राहायला जाते. पुढे ते दांपत्य व्हिएतनाममधील एक बालिका दत्तक घेते, तेव्हा तिला सांभाळायला आजी त्या घरी येते. हवेली आली तरी संगोपन पुन्हा घरातल्या बाईच्याच पदरात! आणि ज्यांना लक्षाधीश भेटत नाही त्यांचे काय? क्लबमधली मॅलरी पाइक ही आठ भावंडांतली थोरली. आईवडील बाहेर निघाले की धाकट्यांची राखण बहुधा तिच्याकडे. वडिलांची नोकरी जाते तेव्हा घरखर्चाचा हिशेब त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात शिरतो. लेखिका ॲन एम. मार्टिन यांनी हे सारे प्रामाणिकपणे लिहिले आहे. तिच्यातून धंद्याचे धडे काढणाऱ्यांनी तेवढ्याच प्रामाणिकपणे ते वाचलेले नाही.

आता या क्लबचा कारभार पाहू, कारण खरी मौज तेथे आहे. काम आले की नोंदवहीत पाहून, जी मोकळी असेल तिला ते द्यावयाचे. आलेले काम आधी सर्वांपुढे ठेवावयाचे, हा नियम. चौथ्या पुस्तकातले मोठे भांडण पेटते ते क्रिस्टीने इतरांना न विचारता एक काम परस्पर घेतल्यामुळेच. प्रत्येकीने वर्गणी द्यावयाची. क्रिस्टी हवेलीत राहायला गेल्यावर तिचे घर लांब पडते, तेव्हा तिला बैठकीला आणून सोडण्याचा खर्च या सामाईक निधीतून होतो. लांब राहणारीचा भार सर्वांनी वाहावयाचा! याला धंदा म्हणणाऱ्यांना सहकारी संस्था म्हणजे काय हे कुणीतरी समजावून सांगावे.

तिसऱ्या पुस्तकात तर लेखिकेने दोन व्यवस्था समोरासमोर उभ्या केल्या आहेत. थोराड वयाच्या दोन मुली ‘एजन्सी’ काढतात. त्या स्वतः फारसे काम करीत नाहीत. इतरांना कामे मिळवून देतात आणि त्यांच्या कमाईतून आपला हिस्सा कापून घेतात. आपल्या कष्टकऱ्यांना हा प्राणी अनोळखी नाही, त्याला आपण मुकादम म्हणतो. या स्पर्धेपुढे क्लबच्या मुलीही क्षणभर डगमगतात. दर उतरवावेत काय, वरकाम फुकट करून द्यावे काय, असे विचार त्यांच्या मनात येतात. कामगाराला कामगाराविरुद्ध स्वस्त करणे हे स्पर्धेचे पहिले काम, ते येथे बालकथेतही दिसते. अखेर एजन्सी मोडते ती तिच्या माणसांना मुलांची कदर नसते म्हणून. उद्योजकतेचे गोडवे गाणाऱ्यांचा खरा आदर्श ही एजन्सी आहे. लेखिकेने तिला हरविले, एवढे तरी त्यांनी ध्यानात ठेवावे.

मालिकेच्या निर्मितीची कथाही याच न्यायाची आहे. मूळ बेत चार पुस्तकांचा होता. खप वाढला तशी मुख्य मालिकेतच १३१ पुस्तके निघाली. पहिली पस्तीस मार्टिन यांनी स्वतः लिहिली, पुढची बरीचशी पीटर लेरँगिस आदी इतर लेखकांनी. वेष्टनावर मात्र एकच नाव, आणि लिहिणाऱ्याच्या वाट्याला आत आभाराची ओळ. सामाईक निधीचे गुणगान करणारी गोष्ट खुद्द एजन्सीच्या पद्धतीने छापली गेली!

मुलांच्या गोष्टीत एवढे अर्थशास्त्र कशाला, असे कुणी म्हणेल. त्याने क्लबच्या वहीची पाने वाचावीत. कोणते मूल कशाला भिते, कोणाला कोणते खाणे वर्ज्य, रडणाऱ्याची समजूत कशी काढावी, हे सारे त्या मुली नोंदवून ठेवतात आणि एकमेकींना वाचायला देतात. संगोपन हे कौशल्याचे काम आहे, ते शिकता येते आणि शिकविता येते, हे त्या पानांतून कळते. ज्या कामाला एवढे ज्ञान लागते त्याचा मोबदला खाऊच्या पैशांत का मोजावा?

हा प्रश्न परका नाही. ही पुस्तके आपल्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या मुलींच्याही हाती आली. ज्या घरांत ती वाचली गेली, त्यांतल्या अनेक घरांत मूल सांभाळणारी बाई स्वतःचे मूल थोरल्या मुलीच्या हवाली करून येत होती. त्या थोरलीची कथामालिका कुणी काढली नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अमेरिकेने नाकारलेली सार्वजनिक जबाबदारी येथे निदान तत्त्वतः मान्य झाली, हे मोठेच पाऊल. पण अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला. महाराष्ट्रातील सेविकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर राहावे लागले. तिकडचा खाऊचा पैसा आणि इकडचे मानधन हे एकाच टाकसाळीचे नाणे आहे.

तेव्हा साथींनो, ही पुस्तके मुलींच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही. त्यांनी ती अवश्य वाचावीत, आणि बैठक, वर्गणी, नोंदवही व समान वाटप या गोष्टी तेथून उचलाव्यात. आपण मोठ्यांनी मात्र त्या पहिल्या प्रसंगातील आईकडे पाहावे. ती अजून फोन फिरवीत आहे. कामाच्या ठिकाणी पाळणाघर आणि सांभाळणारीला पूर्ण वेतन, या दोन मागण्या आपल्या ठरावांत आजवर शेवटच्या कलमात येत आल्या आहेत. त्या पहिल्या कलमात आल्या पाहिजेत.