महागडी वायर आणि मिरजेचा तानपुरा

दोस्तांनो, साताऱ्याहून आठवीतल्या एका दोस्ताने भारी प्रश्न पाठवलाय. त्याच्या घरी स्टीरिओ आहे. बाबांना कुणीतरी सांगितलं, "स्पीकरची ही साधी वायर फेकून द्या. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांची भारीतली वायर लावा, मग बघा गाणं कसं खुलतं!" किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला. आता घरात दोन पक्ष पडलेत. खरंच फरक पडतो का?

बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही बरं का! साताऱ्याहून रेल्वेत बसलात की कराड, सांगली करत मिरज येतं. तिथे सतार आणि तानपुरे बनतात. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी या कामाकडे वळली आणि आज त्यांच्या पुढच्या पिढ्या ते करताहेत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे कुणालाही विचारा, तार बदलली की आवाज बदलतो. पोलादी तार वेगळी बोलते, पितळी वेगळी. घोडीवर तारेखाली एक साधा दोरा असतो. तो केसभर सरकवला तरी तानपुरा वेगळाच गुंजतो! यालाच जवारी लावणं म्हणतात आणि हे काम कारागिराच्या कानावर चालतं.

मग स्पीकरची तार का नाही?

कारण तानपुऱ्याची तार स्वतः थरथरते. आवाज तिच्यातूनच निघतो. स्पीकरची वायर मात्र थरथरत नाही, ती फक्त वीज वाहून नेते. थरथरतो तो स्पीकरचा पडदा. म्हणजे वायर झाली कृष्णेचं पाणी उसाला नेणाऱ्या पाइपासारखी. पाइप फार लांब आणि बारीक असेल, तर पाणी कमी पोचेल. पण पाइपाला सोन्याचा रंग दिला म्हणून ऊस गोड होईल का?

थोडं गणित करू. स्पीकर 5 मीटर लांब ठेवलाय. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांब्याची तार झाली 10 मीटर. ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा रोध सुमारे 0.34 ओहम. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर 0.11. आणि स्पीकरचा असतो साधारण 8 ओहम! आठापुढे 0.11 म्हणजे किस झाड की पत्ती. तेव्हा वायर पुरेशी जाड घ्या, आखूड ठेवा, झालं. आणि गंमत म्हणजे सोन्यातून वीज तांब्यापेक्षा कमीच वाहते. पिनांवर सोनं लावतात ते गंजू नये म्हणून.

वायरीमुळे आवाज बिघडतो तो वेगळ्याच कारणांनी. एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या गेल्या की ढोलकीचा घुमारा गायब! पिन सैल असली की खरखर. हे आधी तपासा, त्याला पैसे पडत नाहीत.

पण बाबा म्हणाले, "मला ऐकू येतो फरक," तर? हसू नका. त्यांना खरंच येत असेल. महाग वस्तू समोर दिसली की कान आपोआप सावध होतात, तुमचे-माझेसुद्धा. म्हणून डोळ्यांना सुट्टी द्यायची. मित्राकडून किंवा दुकानदाराकडून ती वायर तासभर मागून आणा. बाबांना पाठमोरं बसवा. मोठ्या ताईने नाणं उडवायचं. छापा आला तर जुनी वायर, काटा आला तर नवी. (वायर बदलताना अँप्लिफायर बंदच हवा. उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर तो जळू शकतो!) गाणं तेच, आवाजाचं बटण तिथेच. आपल्याला कळतंय असं ताईने दाखवायचं नाही. तिने खोकलासुद्धा काढायचा नाही! असं 10 वेळा करा.

नुसत्या अंदाजाने साधारण 5 उत्तरं बरोबर येतातच. दहाच्या दहा अंदाजाने येण्याची शक्यता मात्र 1024 मध्ये 1. बाबांची दहाही बरोबर आली, तर आईने वायरीचे पैसे द्यावेत! पाच-सहाच आली, तर तेवढ्या पैशांत काय आणायचं याची यादी बाबांनाच करू द्या. वहीतला तक्ता आम्हाला नक्की पाठवा, पण खाली बाबांची सही हवी हं!