नकाशातली बिनरंगी जागा

मागच्या महिन्यात चेंबूरच्या बाजूच्या एका वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसनाची बैठक होती. विहारातच सतरंज्या टाकल्या होत्या. विकासकाच्या माणसाने भिंतीला रंगीत चित्र लावले. वर निळे आभाळ, खाली हिरवळ, मुले फुगे घेऊन पळत आहेत. जमलेल्यांचा प्रश्न एकच, "खोली केवढी मिळणार?" तीनशे चौरस फूट कार्पेट, हे उत्तर ऐकून माणसे खूश झाली. होणारच. दहा बाय बाराच्या झोपडीत तीन पिढ्या काढलेल्यांना तीनशे फूट म्हणजे काय, हे आम्हांला कोणी सांगायला नको. आम्हीही तसल्याच खोलीत, धाकट्या भावंडांच्या गोंगाटात बी. कॉम. केले.

मग मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "माझ्या खिडकीसमोर काय येणार, बाबा?"

"दुसरी बिल्डिंग."

"किती फुटांवर?"

याचे उत्तर त्या गृहस्थाकडे नव्हते. असले तरी त्याने दिले नाही.

वाचकहो, खोलीचे क्षेत्रफळ आपण सगळे विचारतो. दोन इमारतींमधले अंतर कोणी विचारीत नाही. ते भिंतीवरच्या चित्रात दिसत नाही. ते मंजुरीसाठी कचेरीत जाणाऱ्या नकाशात असते. नकाशा वाचणे इंजिनियरचेच काम, असे समजू नका. त्याचे रंग ठरलेले असतात. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने दाखवतात. पाडायचे बांधकाम पिवळ्या रेघांनी भरतात, म्हणजे आजचे आपले घर. नवे बांधकाम तांबडे. मलवाहिनी तुटक तांबड्या रेघेची. मोकळ्या जागेला मात्र रंगच नसतो. म्हणूनच तिच्याकडे नजर जात नसावी!

मुंबईत साध्या इमारतीचा नकाशा महापालिकेची इमारत प्रस्ताव शाखा तपासते. झोपडपट्टीच्या योजनेचा नकाशा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण तपासते. (महापालिकेच्या मंजुरीच्या कागदाचे नाव १८८८ च्या कायद्यामुळे कित्येक वर्षे 'नापसंतीची सूचना' असेच चालत आले. आम्ही कारकुनीत आयुष्य घातले, तरी होकाराला नकार म्हणणारा असा कागद दुसरा पाहिला नाही.) तपासणारा अधिकारी जागेची मालकी, रस्त्याची रुंदी, जिन्याची रुंदी, आगीचा बंब आत वळेल की नाही, सांडपाणी कुठे जाणार, हे सगळे बघतो. आणि अंतरही बघतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत साधारण नियम असा होता की इमारतीच्या बाजूला आणि मागे उंचीच्या एक तृतीयांश जागा सोडायची. म्हणजे २४ मीटर उंच इमारतीला ८ मीटर. पुनर्वसनाच्या इमारतींना मात्र त्यात सवलत. योजना परवडावी, जास्त कुटुंबे बसावीत, हे कारण. २०१८ साली नवी नियमावली आली, तरी सवलत राहिलीच.

या सवलतीचे फळ गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दिसते. सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि मध्ये जेमतेम ३ मीटर, म्हणजे दहा फूट. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. धुणे वाळत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला एक अभ्यास २०१८ साली पुढे आला. त्यात नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या दाटीच्या वसाहतींमध्ये, इमारती जरा सुट्या असलेल्या वसाहतीपेक्षा क्षयाचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले, आणि खालच्या मजल्यांना धोका अधिक. क्षय जंतूंनी होतो हे आम्हांलाही ठाऊक आहे. उपासमार आणि गर्दी त्याला हातभार लावतात. पण ऊन आणि वारा या दोन फुकटच्या औषधांना दाराबाहेर ठेवण्याचे काम त्या नकाशाने केले. आणि तो रीतसर मंजूर नकाशा होता, ही खरी चीड आणणारी गोष्ट आहे.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागावा. पूर्वी सत्तर टक्के संमती लागत असे, आता एक्कावन्न टक्के पुरते. त्यामुळे आपली सही स्वस्त झाली आहे, हे लक्षात असू द्या. मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागता येतो, अर्जाला दहा रुपये लागतात. एकदा पाहून भागत नाही. विकासक मागाहून सुधारित नकाशा मंजूर करून घेतो, तोही मागावा. कल्याण-डोंबिवलीकडे घर घेणाऱ्यांनी तर परवानगीचा कागद महापालिकेत जाऊन पडताळावा. तिथे बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला.

बैठक संपल्यावर आम्ही आजीबाईंना मीटरचा हिशेब सांगत होतो. त्यांना मीटर काही उमगेना. मग आमच्या ध्यानात आले, की नऊवारी लुगडे आठ मीटरच्या थोडे वरच भरते. त्यांच्या सुनेने घरातून एक जुने लुगडे आणले. दोघींनी ते विहाराबाहेरच्या गल्लीत लांबवर पसरले. "एवढं अंतर?" आजी म्हणाल्या. आम्ही म्हटले, "नियमाप्रमाणे एवढं. गोवंडीला यातलं किती उरलं, ते बघा," आणि त्याच लुगड्याची तीन पदरी घडी घातली. बायका घडीच्या एका टोकाला उभ्या राहून समोरच्या टोकाकडे पाहत राहिल्या. एकीने हात लांब केला.

त्या रविवारी एकाही बाईने सही केली नाही. पुढच्या बैठकीला नकाशा घेऊन या, असे विकासकाच्या माणसाला सांगितले आहे. लुगडे आजींनी जपून ठेवले आहे.