दहा दिवसांच्या परदेशवारीची बाजू

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना दहा-बारा दिवस परदेशी नेणाऱ्या अभ्यासक्रमांवर आपल्याकडे ठरलेला आक्षेप येतो: ही सहलच, वर प्रमाणपत्र. सकाळी कंपनीत चकचकीत सादरीकरण, दुपारी नौकाविहार, संध्याकाळी खरेदी असा बेत असेल, तर आक्षेप रास्त आहे. त्यातून ‘जागतिक दृष्टी’ येते हा आयोजकांचा दावा मला मान्य नाही. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात फेरी मारून कोणी डॉक्टर होत नाही. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी तिथे रोग्याच्या खाटेशी उभा राहून शिकतो.

पण दहा दिवस मुळातच अपुरे, हे कशावरून? इथे जुने दाखले निघतात. शंतनुराव किर्लोस्कर एमआयटीत वर्षानुवर्षे राबून 1926 साली पदवीधर झाले. तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याचे ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत शिकून आले. खरे आहे, पण त्यांना अख्खी विद्या आणायची होती. एका प्रश्नाचे उत्तर आणायला वर्षे लागत नाहीत.

असा प्रश्न घराजवळच आहे. मुरैन्याच्या गजकेला, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईला, 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती युरोपात खपेल का? 2020 मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडले आणि युरोपीय संघाने तपासण्या कडक केल्या. तीळ ॲलर्जीकारक म्हणून वेष्टनावर नोंदवणे तिथे सक्तीचे. अमेरिकेतही 1 जानेवारी 2023 पासून तसेच. हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून वाचता येते, आणि निघण्याआधी वाचलेच पाहिजे. पण रॉटरडॅमचा आयातदार नमुना चाखून पहिली हरकत कोणती घेतो, दुकानदार गजक चॉकलेटांशेजारी मांडतो की भारतीय मालाच्या कोपऱ्यात ढकलतो, हे तिथेच कळते. त्याला दहा दिवस पुष्कळ झाले.

म्हणून निम्मे गुण प्रस्थानापूर्वीच्या तयारीला हवेत. तिकडे स्थानिक विद्यार्थ्यांसोबत जोडीने काम हवे, नाहीतर आपलीच मुले आपल्याच घोळक्यात हिंडतात. परतल्यावर अहवाल प्राध्यापकांइतकाच गजकवाल्यांनी तपासावा. ते भीड ठेवणार नाहीत!

खर्चाचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पुरेशा शिष्यवृत्त्या नसतील, तोवर हा अभ्यासक्रम ऐच्छिकच राहावा.

पालकांनी पैसे भरण्याआधी संस्थेकडे वेळापत्रक मागू नये. मुले कोणता प्रश्न घेऊन जाणार, ते लेखी मागावे. उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नयेत.